जुलैत गाडी कुठे उभी करशील?

चि. सोनूस,


ऑक्टाव्हिया आरएसचे फोटो पाहिले. गाडी देखणी आहे. औरंगाबादेत जुळवलेली, 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 अश्वशक्ती. वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे असं इंजिन क्वचितच दिसायचं. तुझं मन तिच्यावर बसलं याचा मला आनंदच आहे.

किंमत वाजवी आहे का, असं तू विचारलंस. मला त्याआधी सांग, जुलैत ती उभी कुठे राहणार? तुमच्या नालासोपाऱ्याच्या सोसायटीत पार्किंग उघडं आणि सखल. पाणी भरलेल्या रस्त्यातून गाडी काढताना इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं, की कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समज. शिवाय आपली खारी हवा पत्रा खालून खाते, वरून रंग चकचकीत दिसला तरी. आगाशीला आमच्या पडवीत जागा आहे, पाणी तिथवर येत नाही. पावसाळ्याचे चार महिने ती इथे ठेवायची तयारी असेल तरच पुढचं वाच.

टर्बोचा सगळा जीव ऑइलवर असतो. धुराड्याकडे जाणाऱ्या गरम वायूवर त्याचं चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेतं आणि त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल हलकं वापरलं किंवा वेळेवर बदललं नाही, तर त्याचा करपून काळा गाळ होतो, खालची जाळी तुंबते आणि टर्बो कोरडा पडतो. या इंजिनाचा हा गाळाचा त्रास ठाऊकच आहे. म्हणून फुल सिंथेटिक ऑइल, तेही लवकर बदललेलं. महामार्गावरून दामटून आलीस की लगेच चावी फिरवू नकोस, मिनिटभर इंजिन चालू राहू दे. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धर. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप त्याने लवकर खराब होतात, तेही बघावे लागतील.

तू तिला व्हिंटेज म्हणतेस, पण 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्याला 50 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. हिला साधंच फेरपासिंग, दर पाच वर्षांनी, वर हरित कर.

गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसतील तर यंदा थांब. रोजची लोकल सोडून हिने ऑफिसला जायचा बेत असेल, तर घेऊच नकोस. घोडबंदरच्या कोंडीत तिचे आणि तुझे हाल होतील. रविवारी फिरवायला, हौसेने हात काळे करायला हवी असेल, तर जरूर घे.

बघायला जाशील तेव्हा मालकाला सांग, इंजिन आधी सुरू करून ठेवू नका. ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरव. काळा चिकट थर लागला किंवा सुरू करताना निळा धूर निघाला, तर नमस्कार करून परत ये. मी सोबत येईन, फक्त आदल्या दिवशी फोन कर.

तुझा,
मामा