*कोकम आगळ-सरबतासाठी स्टीलची टाकी घेताय? आतला खडबडीतपणा मोजून घ्या*



कोकमाचा हंगाम तोंडावर आलाय. काही जण नवीन स्टीलच्या टाक्या बघतायत. दुकानदार म्हणतो, "३०४ आहे, गंजणारच नाही." ग्रेड महत्त्वाचा आहेच, पण टाकी आतून किती गुळगुळीत आहे हेही तितकंच बघायचं.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर स्टीलवर धरतो, तोच गंज अडवतो. ओरखडा पडला तरी हा थर पुन्हा धरतो. पण मिठातलं क्लोराइड त्याला फोडतं, आणि आपल्या आगळात मीठ भरपूर, वर आंबटपणा. खोल, अरुंद ओरखड्यात खारं पाणी अडकून बसतं. धुतलं तरी निघत नाही, सुकताना आणखी खारट होतं. थराला पुन्हा धरायला सवड मिळत नाही आणि तिथेच बारीक भोक पडायला लागतं. वरून सुईच्या टोकाएवढा ठिपका, आत मात्र खोल खड्डा!

हे मोजायचं यंत्र हातात मावतं. हिऱ्याची सुई पत्र्यावरून काही मिलिमीटर सरकते आणि चढ-उतारांची सरासरी दाखवते. त्या आकड्याला 'आरए' म्हणतात, तो मायक्रॉनमध्ये येतो (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खाद्यपदार्थ लागतो त्या पत्र्याला ०.८ किंवा कमी चालतो. खारट माल आणि किनाऱ्याची हवा बघता आपण ०.५ च्या आत मागावा.

मोजताना समोर उभे राहा. यंत्रासोबत ठरलेल्या आकड्याची पट्टी येते, आधी तिच्यावर आकडा जुळतो का बघा. सुई पॉलिशच्या रेघांना *आडवी* फिरवायला सांगा. रेघेच्या दिशेनेच फिरवली तर आकडा उगाच कमी येतो. एका जागेवर भागत नाही. तळ, कडा, आणि जोडाच्या बाजूला तर नक्कीच. आरए ही सरासरी असल्याने दोन-चार खोल ओरखडे तिच्यात लपून जातात, म्हणून 'आरझेड' हा उंची-खोलीचा आकडाही विचारा.

यंत्र ग्रेड सांगत नाही. चुंबकावरही जाऊ नका, स्वस्तातल्या २०० सिरीजलाही तो सहसा चिकटत नाही. पत्र्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा. वेल्डिंगच्या कडेला निळी-तपकिरी झाक असेल तर आकडा कितीही चांगला असो, तिथे आधी गंज धरेल. ती ॲसिडने काढून (पिकलिंग-पॅसिव्हेशन) द्यायला सांगा.

घरी आणल्यावर लोखंडी तारेची घासणी लावू नका. ओरखडे तर पडतातच, वर लोखंडाचे कण चिकटून गंजतात. ब्लीचिंगचं पाणी रात्रभर ठेवू नका, त्यातही क्लोराइड असतं.

आणि आगळ साठवायचंच असेल तर फूड ग्रेड प्लास्टिकचा ड्रम बरा. महिनोन्महिने ठेवायला ३०४ नकोच, महागडं ३१६ सुद्धा भरवशाचं नाही. स्टील सरबत बनवायला आणि भरायला वापरा.

ऑर्डरच्या कागदावर ग्रेड, 'आतून आरए ०.५ मायक्रॉनपेक्षा कमी' आणि 'जोड पॅसिव्हेट केलेले' असं लिहून घ्या. उरलेले पैसे मोजमाप झाल्यावरच द्या.