कॅसेट गेली, शौकीन राहिला : दुकानदाराने काय शिकावे?

परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावांत एके काळी कव्वाली, नात आणि सिनेमाची गाणी कॅसेटवर विकत घ्यावी लागत. आज तीच मोबाइलवर फुकट ऐकता येतात. ‘प्लास्टिकचा कचरा तरी वाचला,’ असे ग्राहक समाधानाने म्हणतो. हे कितपत खरे?

ग्लासगो व ओस्लो विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिकेचा हिशेब मांडला. सीडीच्या भरात, २००० साली, तेथे संगीतासाठी सुमारे ६ कोटी १० लाख किलो प्लास्टिक लागले. २०१६ मध्ये ते ८० लाख किलोवर आले. परंतु हवेत जाणारे तापवायू १५ कोटी ७० लाख किलोवरून २० ते ३५ कोटी किलोंवर गेले. कारण गाणी साठवणारे संगणक रात्रंदिवस विजेवर चालतात. वीज कशी बनते, हे परळीचे औष्णिक केंद्र पाहिलेल्यास सांगायला नको. म्हणून आवडीचे गाणे दर वेळी नेटवरून ऐकण्यापेक्षा अधिकृत ॲपवर एकदाच उतरवून घेणे बरे.

दुसरी गोष्ट शौकिनाच्या मनाची. त्याला गाण्याबरोबर हातात धरण्याजोगी वस्तूही हवी असते. सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये ‘कारवां’ हा जुन्या रेडिओच्या घाटाचा, ५००० गाणी भरलेला संच आणला. गाणी मोबाइलवर फुकट असतानाही लोकांनी तो पैसे मोजून घेतला. वडीलधाऱ्यांना नेटची कटकट नको होती आणि भेट देण्यास वस्तू शोभत होती.

मग छोट्या दुकानदाराने काय करावे?

१. परवानगीविना मेमरी कार्डात गाणी भरून विकू नयेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. शिवाय दुसऱ्याच्या मेहनतीचा माल चोरून विकलेली कमाई हलाल कशी होणार?

२. घरोघरी जुन्या कॅसेट पडून आहेत. त्यांत लग्नातील बोलणी, मरहूम आजोबांचा आवाज असतो. घरच्या अशा टेपा पेनड्राइव्हवर उतरवून देणे हे सचोटीचे काम आहे. मूळ कॅसेट ही ग्राहकाची अमानत. ती जशीच्या तशी परत करावी.

३. रेडिओ, स्पीकर दुरुस्त करावेत. दुरुस्त झालेली वस्तू कचऱ्यात जात नाही आणि कारागिराची रोजीही चालते. निकामी बॅटऱ्या जाळू नयेत. नोंदणीकृत संस्थेकडे द्याव्यात.

माल बदलला तरी हुनर आणि इमान कामाला येतेच. अल्लाह रोजीत बरकत देवो.