गाडीला आधी थांबायला शिकव

भाच्या, स्वस्तातली गाडी घ्यायची, ती आडवी घसरवायची, हँडब्रेकवर गर्रकन फिरवायची आणि मातीचा फवारा उडवायचा, हे खूळ तुझ्या डोक्यात शिरलंय ते तुझ्या आईने सांगायच्या आधीच मी ओळखलं होतं. खूळ वाईट नाही. ते कुठे करायचं आणि पैसा आधी कशावर घालायचा, एवढंच ठरवायचं असतं. पळायला शिकूनच गाडी कारखान्यातून येते, थांबायला तिला आपण शिकवायचं. पुढचं सगळं यातूनच निघालंय.

आधी जागा

१. ताम्हिणी, वरंधा, कसारा हे घाट बघायला खुशाल जा, भजी खा, पण हे खेळ तिथे नकोत – वळणाआड एसटी असते, आणि तुझ्या हौशीची वर्दी तिच्या ड्रायव्हरला कुणी दिलेली नसते.

२. गावाकडचा सुनसान रस्ताही सार्वजनिकच – शर्यत आणि वेगाच्या चाचणीबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ तिथेही लागतं, आणि सुनसान रस्त्यावर शेळ्या न विचारता येतात.

३. आपल्याला शोभणारी जागा म्हणजे ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानात कोन मांडतात, एकेक गाडी सोडतात आणि वेळ मोजतात – समोरून कुणी येत नाही, आणि अंदाज चुकला तर कोन पडतो, माणूस नाही.

४. आपल्याकडच्या मोटार स्पर्धा एफएमएससीआय या महासंघाच्या नियमांनी चालतात. गाडीला पाना लावायच्या आधी ते नियम वाच – ज्याने नियम नंतर वाचले, त्याने वेल्डिंगचे पैसे दोनदा दिले.

५. सरावाला कुणाचं पडीक रान मिळालं तर मालकाला विचार, आणि पहिली फेरी पायी मार – गवतातला धोंडा, बांध आणि बिनकठड्याची विहीर गाडीतून दिसत नाहीत.

६. विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरं वाच – साध्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, म्हणजे मैदानावर जे मोडेल ते तुझ्याच खिशातून.

मग गाडी

७. साधी, हलकी, गिअरची पेट्रोल हॅचबॅक घे. २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट पावणेनऊशे किलोच्या आसपास भरते – हलकी गाडी टायर आणि ब्रेक दोन्ही कमी खाते.

८. तीच स्विफ्ट डिझेलची स्वस्तात मिळाली तरी हुरळू नकोस – ती शंभरेक किलोने जड, आणि ते वजन बहुतेक नाकावर. वळणात नाक सरळच जायला बघतं.

९. पोलो २००९ ते २०२२ आपल्या चाकणला बनली. गाडी घट्ट आणि रॅलीवाल्यांच्या आवडीची. पण आधी दुकानात जाऊन लोअर आर्म, शॉकअप आणि हेडलाइटचा भाव विचार – जे वारंवार मोडणार, त्याचा भाव हीच गाडीची खरी किंमत.

१०. हँडब्रेकला ओढायचा दांडा हवा, बटण नको – दांडा हवा तेवढाच ओढून हवा तेव्हा सोडता येतो, बटणाला ते जमत नाही.

११. ईएसपी असेल तर ती पूर्ण बंद होते का, हे घेण्यापूर्वी बघ – काही गाड्यांत बंद केली तरी ती आतून जागीच असते आणि घसरू लागलेली गाडी सरळ करून टाकते. मैदानातून बाहेर पडताना मात्र ती आठवणीने चालू कर.

१२. ईको किंवा उंच एसयूव्हीच्या मोहात पडू नकोस – उंच गाडी आडवी घसरताना चाक खड्ड्यात अडकलं की सरळ उलटते.

१३. जुनी गाडी बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं, हे लक्षात ठेव – बाहेरचा पट्टा सगळेच धुतात, आतल्या हातभर पट्ट्यावरचा गाळ कुणी धूत नाही.

१४. बॉनेट उघडून एप्रनचे वेल्ड आणि बोल्टांच्या डोक्यावरचा रंग बघ – रंग खरवडलेला असेल तर पाना लागलाय, आणि पाना का लागला हे विकणारा आपणहून सांगत नाही.

१५. हातातल्या पैशांचे दोन भाग कर. एका भागात गाडी घे, दुसरा झाकून ठेव – सगळे पैसे गाडीत घालणाऱ्याची गाडी पहिल्याच सरावानंतर दारात उभी राहते.

बांधणी

१६. पहिला खर्च ब्रेकचा: पुढे नवे पॅड, मागे नवे लायनर, आणि ताजं ब्रेक ऑइल. नवं डॉट-४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं १५५ लाही उकळू शकतं – उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल थेट जमिनीला टेकतं.

१७. दुसरा खर्च टायरचा. कडेला कोरलेले चार आकडे वाच. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा – खाचा शाबूत दिसल्या तरी रबर वयाने कडक होतं.

१८. मागे झिजके टायर लावले की गाडी लवकर फिरते, म्हणून काही जण सरावाला तेच लावतात. घरी निघताना मागची जोडी बदल – मैदानात जी मागची घसरण हौस असते, तीच पावसातल्या हायवेवर घात करते.

१९. मातीत पकड मिळावी म्हणून हवा फार उतरवू नकोस – आडवी घसरताना टायर रिमवरून निसटतो, आणि रिम मातीत रुतली की गाडी कलंडते.

२०. चेंबर गार्ड लाव, आणि तो जाड पत्र्याचा असू दे – चेंबरला धोंडा लागला की ऑइल जातं, आणि ऑइल गेलं की इंजिन जातं.

२१. बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडमध्ये खेळ असेल तर तो आधी काढ, आणि दिसायला छान म्हणून गाडी खाली बसवू नकोस – मातीवर सस्पेन्शनला हलायला जागा लागते, शोभा लागत नाही.

२२. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेव – लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका कडेला जातं, आणि कमी असेल तर पंप हवा ओढतो.

२३. बकेट सीट येईपर्यंत कंपनीचा तीन-पॉइंट बेल्टच वापर. साध्या सीटवर रेसचे पट्टे बांधू नकोस – धक्क्यात माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो.

२४. रोलकेज करायचा तर नियमातल्या सीमलेस पाइपाचाच. एफआयए या जागतिक संघटनेच्या नियमांत मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची चालते – भंगारातला पाइप उभा दिसतो, उलटल्यावर मात्र तोच आत येतो.

२५. केज बसवलेली गाडी बाजारहाटाला नेऊ नकोस – हेल्मेट नसेल तर जो पाइप जीव वाचवायचा तोच डोक्यात बसतो.

२६. बाइकचं हेल्मेट चालेल असं धरू नकोस. स्नेलच्या शिक्क्यात ‘एसए’ अक्षरं शोध – गाडीच्या हेल्मेटची आगीतही परीक्षा घेतात, बाइकच्या हेल्मेटची घेत नाहीत.

२७. आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेव, आणि पत्र्याच्या पट्टीने, बोल्टने बसव – सुटा सिलिंडर धक्क्यात उडतो आणि आगीच्या आधी तोच लागतो.

२८. एबीएस काढायची घाई करू नकोस. सुट्या मातीवर त्याने थांबायला जास्त अंतर लागतं हे खरं – कारण जाम झालेलं चाक पुढे मातीचा ढीग करून थांबतं. पण जाम चाकाने गाडी वळत नाही, आणि तुला सध्या वळायची जास्त गरज आहे.

२९. ताकद वाढवायचा खर्च सगळ्यात शेवटी. तोवर एअर फिल्टर आणि प्लग साफ ठेव – ज्याला आहे ती ताकद पुरेपूर वापरता येते, तो नवी मागायच्या आधी दोनदा विचार करतो.

३०. आरसीवर रस्त्याची असलेली गाडी मनमानी बदलू नकोस, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. मोठे बदल केलेस तर गाडी ट्रेलरवरून ने – मैदानाची गाडी मैदानाची, घरची घरची.

मैदानावर

३१. फेरीला निघण्यापूर्वी पाण्याची बाटली, जॅक, देवाची मूर्ती, पायाखालचं मॅट, सगळं बाहेर काढ, स्टेपनीही – पेडलखाली गेलेली बाटली ब्रेक दाबू देत नाही, आणि देव गाडीबाहेरूनही बघतो.

३२. चाकांचे नट पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळ – नव्याने बसवलेलं चाक थोडं बसतं आणि नट सैल होतात.

३३. पाठ सीटला टेकवून हात लांब कर. मनगट स्टेअरिंगच्या माथ्यावर यायला हवं. अंगठे मात्र आत अडकवू नकोस – चाक धोंड्यावर आपटलं की स्टेअरिंग झटक्यात फिरतं आणि अंगठा मोडतं.

३४. शिकायला ओली माती आणि तिसांच्या आतला वेग – ओल्यात गाडी लवकर सुटते, म्हणून कमी वेगात जास्त शिकता येतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर चौपट होतं.

३५. हँडब्रेक ओढताना क्लच दाब, आणि दांड्याचं बटण अंगठ्याने दाबूनच धर – क्लच सोडलेला राहिला तर गाडी थांबता थांबता इंजिन बंद पडतं, आणि बटण सुटलं तर दांडा वरच अडकतो.

३६. ज्या कोनाला लागेल असं वाटतं त्याच्याकडे बघू नकोस, जिथून बाहेर पडायचंय तिकडे बघ – नजर जिथे, हात तिथे, गाडीही तिथेच.

३७. शेजारी मित्र बसवून हे करू नकोस – टाळी वाजवणारा शेजारी असला की पाय ॲक्सिलरेटरवर राहतो.

३८. संपल्यावर एक फेरी सावकाश मार, आणि उभी करताना हँडब्रेक ओढू नकोस. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लाव – तापलेल्या ड्रमला लायनर चिकटतात.

३९. आईला ‘सर्व्हिसिंगला चाललोय’ असं सांगू नकोस; कुठलं मैदान, सोबत कोण, परत किती वाजता, हे सांग – अडलास तर मला फोन तीच करणार, आणि निदान कुठे यायचं हे तरी मला कळलं पाहिजे.