दुकानाचा करार: नोटीस किती दिवसांची, आणि मुदत संपल्यावर काय?



दुकान टाकताना आपण रंग, फर्निचर, बोर्ड, उद्घाटन सगळ्याचा विचार करतो. किरायाच्या कागदावर मात्र दहा मिनिटांत सही करून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं. म्हणून आजचा धडा माझ्याच चुकीपासून सुरू करतो.

माझं पहिलं दुकान सक्करदऱ्याकडे होतं, लहान मुलांच्या कपड्यांचं. ११ महिन्यांचा कागद, स्टॅम्प पेपरवर, नोटरी केलेला. मुदत संपली तेव्हा मालक काका म्हणाले, "राहू दे ना भाऊ, आपलंच दुकान समज." दोन वर्षं तसंच चाललं. तिसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी दिवाळीचा चार लाखांचा माल भरला आणि त्याच आठवड्यात काका आले. "पोराला मेडिकल टाकायचं आहे, महिनाभरात खाली करून दे." कागदात एक महिन्याची नोटीस लिहिलेलीच होती. मी निमूट खाली केलं. माल मावशीच्या हॉलमध्ये ठेवला, दिवाळी घरून विक्री करून काढली. निम्मा माल पुढच्या वर्षापर्यंत पडून राहिला.

नंतर एका वकिलांना कागद दाखवला. ते म्हणाले, "निकाल काय लागला असता ते सोड. पण घाबरून महिन्यात खाली करायची गरज नव्हती. बसून वेळ मागता आला असता." मला तेव्हा माहीत नव्हतं ते आज तुम्हाला सांगतो.

१. तुमच्या हातात कोणता कागद आहे?

कागद दोन प्रकारचे असतात. भाडेपट्ट्यात जागेवर तुमचा भाडेकरू म्हणून हक्क तयार होतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये जागा वापरायची फक्त परवानगी मिळते, आणि मुदत संपली की परवानगीही संपते. वाद झाला तर कोर्ट नुसतं शीर्षक पाहत नाही, प्रत्यक्ष व्यवहार कसा होता तेही पाहतं. पण तुम्ही सही करण्याआधीच विचारा: हा कागद कोणता?

इतवारी, महालातले जुने व्यापारी सांगतात, "किरायेदाराला कोणी काढू शकत नाही." त्यांच्या काळात ते बऱ्याच अंशी खरं होतं. विदर्भात १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश लागू होता आणि भाडेकरूला नोटीस देण्याआधी मालकाला रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागायची. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ती पद्धत संपली. भाडेकरूला आजही संरक्षण आहे. पण लायसन्सच्या कागदावर सही करून जुन्या भाडेकरूच्या भरवशावर राहू नका.

२. "११ महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?"

हा गैरसमज घरोघरी आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोक ११ महिने लिहितात. पण आपल्या १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. मुदत कितीही असो, भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसन्स.

नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नाही केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. माझ्या बाजूचा हाच मुद्दा मला माहीत नव्हता.

खर्च किती? समजा किराया १५,००० रुपये, डिपॉझिट १ लाख, मुदत ३६ महिने, कागद लिव्ह अँड लायसन्सचा. एकूण किराया ५,४०,००० आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे ३०,०००, म्हणजे ५,७०,०००. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क १,४२५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. एवढ्यात तीन वर्षांची झोप मिळते.

३. नोटीस किती दिवसांची?

लायसन्समध्ये आधी कागदात लिहिलं आहे ते पाहतात. महिन्याच्या भाडेपट्ट्यात काहीच ठरलं नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार १५ दिवस. पण भाडे नियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूला नुसत्या नोटिशीने काढता येत नाही, कायद्यातलं कारण लागतं. किराया थकला असेल तर मालकाने लेखी मागणी करून ९० दिवस थांबावं लागतं, त्यानंतरच दावा.

मग नोटीस किती दिवसांची लिहून घ्यायची? हिशोब करा: नवीन जागा शोधायला ३० दिवस, फर्निचरला २० दिवस, माल कमी करायला ४० दिवस. झाले ९० दिवस. त्यात जीएसटीचा पत्ता, गुमास्ता, उद्यम सगळं बदलायचं असतं. जीएसटीचा बदल तर १५ दिवसांत कळवावा लागतो. म्हणून ३० दिवसांवर सही करू नका. आणि तुमच्या सीझनचे महिने लिहून घ्या: "ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये जागा खाली करून मागता येणार नाही."

लॉक-इनही बघा. तो फक्त तुम्हाला बांधतो की मालकालाही? दोघांना बांधणारा हवा.

४. नूतनीकरणाचं कलम

"दोघांच्या संमतीने करार वाढवता येईल" या वाक्यात तुमच्या हाती काहीच येत नाही. संमती तर कधीही देता येते किंवा नाकारता येते. असं लिहून घ्या: "मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी दुकानदाराने लेखी कळवल्यास पुढील ३६ महिन्यांसाठी ५ टक्के वाढीने नवीन करार करण्यात येईल." मुदत, वाढ आणि कळवायची तारीख, तिन्ही हवेत. ती तारीख मोबाईलमध्ये टाका. एक दिवस उशीर झाला तरी हक्क जाऊ शकतो. आणि नवीन कराराचीही नोंदणी करा.

५. गाळा मालकांसाठी

मुदत संपल्यावर गुपचूप किराया घेत राहू नका. भाडेपट्टा असेल तर तो महिन्या-महिन्याने चालू राहिला असं धरलं जातं. लायसन्स संपल्यावर जलद ताबा देणारं कलम २४ फक्त राहण्याच्या जागेसाठी आहे, दुकानासाठी नाही. त्यामुळे तुमचा नोंदणीकृत कागद जास्तच महत्त्वाचा. रागाने टाळा ठोकू नका, वीज-पाणी तोडू नका. भाडेकरूची वीज, पाणी अशी आवश्यक सोय तोडायला कलम २९ ची मनाई आहे. बेकायदा बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी कोर्टात जाऊ शकतो.

आजचं काम

कपाटातला करार काढा आणि एका कागदावर पाच गोष्टी लिहा: प्रकार, नोंदणी क्रमांक, संपण्याची तारीख, नोटिशीचे दिवस, नूतनीकरणाची अट. एखादी जागा रिकामी राहिली तर याच महिन्यात मालकांकडे जाऊन बसा. संबंध चांगले आहेत तेव्हाच हे बोलणं सोपं असतं. सही करण्याआधी वकिलांना एकदा दाखवा, त्यांची फी दिवाळीच्या पडून राहिलेल्या मालापेक्षा नक्कीच कमी असते.

त्या काकांशी माझं आजही बोलणं आहे. त्यांनी फसवलं नव्हतं. आम्ही दोघांनी फक्त लिहून ठेवलं नव्हतं.