शिपायाचें पत्र

सन १९१४ च्या सप्टेंबरांत हिंदी पलटणी फ्रान्सांतील मार्सेल्स बंदरीं उतरल्या. त्यांतील पुष्कळ शिपायांस लिहितां येत नसे. घरच्या आठवणीनें जीव कितीही व्याकुळ होवो, पत्र दुसऱ्याकडूनच लिहवून घ्यावें लागे. पुढें बूलोन येथील लष्करी तपासनीस त्यांतील कित्येक पत्रें उघडून वाचीत. आणि गांवीं पोंचल्यावर एखादा शिकलेला मनुष्य तें सर्वांदेखत वाचून दाखवी. पत्नीस सांगावयाचा प्रेमाचा शब्द इतक्या परक्या कानांवरून जावयाचा! म्हणून गुरेंढोरें, पीकपाणी, मुलांची खुशाली यांचीच विचारपूस फार. आम्हांस तर ती विचारपूस हीच त्यांची प्रेमाची भाषा वाटते.

मनांतील भय सांगावयाचें तें आडून. काळी मिरी संपत आली, असें कोणी लिही. मिरी म्हणजे हिंदी शिपाई, आणि लाल मिरची म्हणजे गोरे. तपासनिसांसही हें कोडें लवकरच उलगडलें. मौज अशी कीं, त्यांनीं अधिकाऱ्यांसाठीं जे उतारे भाषांतरून ठेविले, तेच आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. मूळ पत्रें बहुतेक घरोघरीं नाहींशीं झालीं.