फाइल वाजते, आवाज येत नाही

लिनक्सवर मिडी फाइल पहिल्यांदा वाजवू पाहणाऱ्याची फजिती जवळपास ठरलेली असते. फायलीवर डबल-क्लिक केले की प्लेअर उघडतो, सेकंद पुढे सरकू लागतात, पट्टी टोकाला पोचते आणि गाणे संपतेही. पडद्यावर चुकीचा एकही संदेश नसतो आणि स्पीकरमधून जराही आवाज नसतो. मग व्हॉल्यूम तपासला जातो, हेडफोन काढून पुन्हा खोचला जातो, साउंड कार्डच्या ड्रायव्हरवर संशय घेतला जातो. त्याच लॅपटॉपवर एमपीथ्री मात्र खणखणीत वाजत असते.

प्रस्तुत लेखकाच्या लॅपटॉपवर हा प्रकार घडला तो एका कीबोर्डवादक मित्राच्या फायलींमुळे. हा मित्र गणेशोत्सवातल्या आणि जत्रांमधल्या ऑर्केस्ट्रांत वाजवत आलेला. गाण्यांचे रिदम आणि पीसेस तो कीबोर्डवरच प्रोग्रॅम करायचा आणि फ्लॉपीवर साठवायचा. फ्लॉप्या खराब होण्याआधी त्याने सगळे पेनड्राइव्हवर उतरवून ठेवले होते. शाळेच्या गॅदरिंगसाठी त्यातल्या काही गाण्यांचे माइनस ट्रॅक हवे होते. काम चहा निवेपर्यंतचे वाटले, प्रत्यक्षात सुटीचा दिवस त्यात गेला. तो दिवस इतरांचा वाचावा, यासाठी हा मजकूर.

सगळ्या गोंधळाचे मूळ एका समजुतीत आहे. मिडी फाइल ही एमपीथ्रीसारखी गाण्याची फाइल आहे, असे माणूस धरून चालतो. तिच्यात ध्वनी अजिबात नसतो. ती नोटेशनची वही असते: कोणता स्वर, कोणत्या वाद्यावर, कधी, किती जोराने आणि किती वेळ. पहिल्या चॅनलवर मधला सी स्वर सुरू करायचा, तर त्याचा संदेश केवळ तीन बाइटांचा असतो, उदाहरणार्थ १४४, ६० आणि १००. पहिला आकडा सांगतो की स्वर सुरू करा, दुसरा स्वराचा क्रमांक, तिसरा दाबण्याचा जोर. म्हणून चार मिनिटांचे भरगच्च गाणेही मोजक्या केबींत मावते. तेवढेच गाणे सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फायलीत सुमारे ४२ एमबी जागा घेते.

या भाषेमागचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे, कारण पुढच्या अडचणींची उत्तरे त्यात आहेत. जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यप्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवण्यात आले. एकाच्या पट्ट्या दाबल्या की दुसरा वाजत होता. या कामासाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाला. १९८८मध्ये फायलीचे प्रमाणित स्वरूप ठरले आणि १९९१मध्ये जनरल मिडी आले. वाद्यांचे १२८ क्रमांक त्याने पक्के केले आणि दहावा चॅनल तालवाद्यांसाठी राखून ठेवला. तेव्हापासून एक क्रमांक म्हणजे पियानो, हे सगळीकडे सारखेच. तो पियानो ऐकायला कसा असावा, ते मात्र वाजवणाऱ्या यंत्रावर सोडलेले आहे.

विंडोजवर हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण मायक्रोसॉफ्टने रोलंडच्या आवाजांवर बेतलेला एक छोटा सिंथेसायझर प्रणालीतच बसवून दिला आहे. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत असा सिंथेसायझर आपोआप येत नाही, तो आपण बसवायचा असतो.

म्हणजे आवाज निघायला तीन गोष्टी लागतात. फाइल वाचणारा प्लेअर, स्वरांचा ध्वनी करणारा सिंथेसायझर आणि त्या सिंथेसायझरला वाद्यांचे नमुने पुरवणारी साउंडफॉन्ट फाइल. प्लेअर सहज मिळतो. पुढच्या दोहोंपैकी एक जरी नसेल, तर वर सांगितलेली मुकी मैफल सुरू होते.

सिंथेसायझर म्हणून आज फ्लुइडसिंथ निवडावा. डेबियन आणि उबंटूमध्ये तो पॅकेज म्हणून मिळतो. त्याच्या जोडीला फ्लुइड-साउंडफॉन्ट-जीएम हे पॅकेज घ्यावे. त्यातली फ्लुइडआर३ ही साउंडफॉन्ट फ्रँक वेन यांनी जमवलेली आहे, आकार सुमारे १४० एमबी. पॅकेज बसले की यूएसआर, शेअर, साउंड्स आणि एसएफ२ अशी फोल्डरांची वाट उतरत गेल्यावर ती सापडते. जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय असेल, तर टिमजीएम६एमबी ही जेमतेम सहा एमबीची साउंडफॉन्ट चालते. व्हायोलिन त्यात जरा पातळ लागतात, पण गाणे ओळखू येते.

यानंतर बहुतेक जण लगेच प्लेअरकडे वळतात आणि तिथेच अडकतात. अनुभव सांगतो की आधी फायलीची वेव्ह करून घ्यावी. टर्मिनलमध्ये फ्लुइडसिंथ लिहावे. मग मोठा एफ हा पर्याय आणि बनवायच्या वेव्ह फायलीचे नाव, पुढे साउंडफॉन्टचा पूर्ण पत्ता आणि शेवटी मिडी फायलीचे नाव. काही सेकंदांत वेव्ह तयार होते आणि ती कोणत्याही प्लेअरमध्ये वाजते. या एका चाचणीत बरेच कळते. वेव्हमध्ये गाणे आले, तर मिडी फाइल चांगली आहे, सिंथेसायझर काम करतो आहे आणि साउंडफॉन्ट जागेवर आहे. उरला तो फक्त जोडणीचा प्रश्न. ज्याला केवळ माइनस ट्रॅक हवा आहे, त्याचे काम तर इथेच संपते.

वेव्हमध्येही शांतताच असेल, तर साउंडफॉन्टचा पत्ता नीट वाचावा. एक अक्षर चुकले की टर्मिनलमध्ये तक्रार उमटते, पण वेव्ह फाइल मात्र तयार झालेली दिसते आणि तिच्यात काहीच नसते. गाणे आले पण फार बारीक, तर काळजीचे कारण नाही. फ्लुइडसिंथची गेन, म्हणजे आवाजाची पातळी, मुळात ०.२ इतकी कमी ठेवलेली असते. लहान जी हा पर्याय देऊन ती ०.६च्या आसपास न्यावी. फार वाढवली, तर भरलेल्या जागी आवाज फाटतो.

आता जोडणीकडे. लिनक्समध्ये मिडीची देवाणघेवाण आल्सा सिक्वेन्सरमार्फत होते. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमला क्रमांक असतो आणि त्याला पोर्ट असतात. एप्लेमिडी ही आज्ञा एल पर्यायासह चालवली की पोर्टांची यादी समोर येते. सिंथेसायझर चालू नसताना त्या यादीत बहुधा एकच ओळ दिसते: १४:०, मिडी थ्रू. नवखा माणूस तेवढे एकच पोर्ट पाहून फाइल तिथे सोडतो. मिडी थ्रूचे काम आलेला संदेश पुढे पाठवणे एवढेच आहे, आणि पुढे कुणी जोडलेले नसेल, तर संदेश तिथेच विरून जातात. एप्लेमिडीला त्यात काही वावगे दिसत नाही. गाणे साडेचार मिनिटांचे असेल, तर तो इमानेइतबारे साडेचार मिनिटे स्वर पाठवत बसतो. त्या सुटीच्या दिवसाचा मोठा भाग या मिडी थ्रूने खाल्ला.

म्हणून आधी एका टर्मिनलमध्ये फ्लुइडसिंथ चालू करावा. ऑडिओसाठी पल्सऑडिओ आणि मिडीसाठी आल्सा सिक्वेन्सर हे पर्याय द्यावेत, सोबत साउंडफॉन्टचा पत्ता. नव्या वितरणांत पल्सऑडिओची जागा पाइपवायरने घेतली असली, तरी हा पर्याय तिथेही सहसा चालतो. मग दुसऱ्या टर्मिनलमध्ये यादी पुन्हा पाहावी. आता फ्लुइड सिंथ नावाची नवी ओळ असेल, बहुधा १२८:० या क्रमांकाची. फाइल त्या पोर्टवर पाठवली की आवाज येतो. १२८ हा आकडा पाठ करून ठेवू नये. काही वितरणांत लॉगिन होताच फ्लुइडसिंथ पार्श्वभूमीला आपोआप सुरू झालेला असतो, मग आपण चालू केलेल्याला १२९ मिळतो. दर वेळी यादी पाहावी.

टर्मिनलची सवय नसलेल्यांसाठी क्यूसिंथ आहे. फ्लुइडसिंथचेच बटणांचे रूप. त्याच्या सेटअपमध्ये साउंडफॉन्ट निवडायची, मिडी ड्रायव्हर आल्सा सिक्वेन्सर ठेवायचा आणि ऑडिओ ड्रायव्हर एकदा डोळ्यांखालून घालायचा. तिथे जॅक हा ऑडिओ सर्व्हर निवडलेला असेल आणि तो चालू नसेल, तर क्यूसिंथ सुरूच होत नाही. व्हीएलसी वापरायचा असेल, तर डेबियन आणि उबंटूमध्ये त्याचे फ्लुइडसिंथ प्लगिन वेगळ्या पॅकेजमध्ये असते. ते बसवून पसंतीक्रमात साउंडफॉन्टचा पत्ता द्यावा लागतो. हाच व्हीएलसी फ्लॅटपॅकमधून घेतला असेल, तर त्याला प्रणालीतले यूएसआर फोल्डर दिसतच नाही. अशा वेळी साउंडफॉन्टची प्रत स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवावी आणि तिथे जायची परवानगी त्या प्रोग्रॅमला आहे ना, ते पाहावे.

जुन्या सल्ल्यांपासून मात्र सावध राहावे. लिनक्सवरच्या मिडीबद्दलचा पुष्कळ मजकूर साउंड ब्लास्टर लाइव्ह आणि ऑडिजी या कार्डांच्या काळातला आहे. त्या कार्डांच्या चिपमध्येच सिंथेसायझर होता आणि साउंडफॉन्ट थेट कार्डात भरता यायची. त्यासाठीच्या आज्ञा आजही जागोजागी उतरवलेल्या दिसतात. आजच्या लॅपटॉपच्या ऑडिओ चिपमध्ये असे काही नसते, त्यामुळे त्या आज्ञांनी डोकेदुखीशिवाय काही पदरात पडत नाही.

दुसरा जुना सल्ला टिमिडिटीचा. तूक्का तोइवोनेन यांनी १९९५च्या सुमारास लिहिलेला आणि पुढे मासानाओ इझुमो यांनी वाढवलेला हा प्रोग्रॅम चांगलाच आहे, आणि मिडीवरून थेट वेव्हही करतो. पण त्याच्या जोडीला येणारा फ्रीपॅट्स हा आवाजांचा संच अपुरा आहे. संचात नसलेले वाद्य ऐकू येणार नाही, असे टिमिडिटी टर्मिनलमध्ये लिहून मोकळा होतो आणि बाकीचे गाणे वाजवतो. डबल-क्लिक करून ऐकणाऱ्याला ती ओळ दिसत नाही, त्याला एवढेच जाणवते की गाण्यातून काहीतरी गायब आहे. शिवाय टिमिडिटी पार्श्वभूमीची सेवा म्हणून बसवला, तर कधी कधी तोच साउंड कार्ड अडवून बसतो आणि एमपीथ्रीही वाजेनाशी होते. एका वेळी एकच सिंथेसायझर बसवावा, तो वाजेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये.

आवाज आल्यावर मराठी माणसाला एक धक्का उरतोच. जनरल मिडीच्या १२८ वाद्यांत सतार आहे, १०५ क्रमांकावर. सनईही आहे, ११२ क्रमांकावर. तबला नाही, ढोलकी नाही, हार्मोनियम नाही. पेटीला जवळचा म्हणजे २१ क्रमांकाचा रीड ऑर्गन. मित्राच्या कीबोर्डमध्ये भारतीय तालवाद्यांचे खास संच होते आणि फायलीत त्या संचांचे क्रमांक लिहिलेले होते. फ्लुइडआर३मध्ये ते संच नाहीत. अशा वेळी फ्लुइडसिंथ गाणे थांबवत नाही. मागितलेले वाद्य सापडले नाही, त्याऐवजी अमुक लावले, अशी ओळ टर्मिनलमध्ये टाकतो आणि नेहमीचा ड्रमसेट लावून पुढे जातो. लावणीच्या ठेक्यावर ढोलकीच्या थापेऐवजी झांजा आणि बोंगो वाजायला लागतात. शाळेतल्या मुलांना ते भलतेच आवडले, मित्राचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला.

यावर उपाय दोन. तबला-ढोलकीचे नमुने असलेली वेगळी साउंडफॉन्ट मिळाली, तर ती मुख्य साउंडफॉन्टच्या जोडीला लावता येते. फ्लुइडसिंथ एका वेळी एकाहून अधिक साउंडफॉन्ट घेतो. ते जमले नाही, तर मिडी फाइल म्युझस्कोर किंवा रोझगार्डनमध्ये उघडावी आणि वाद्यांचे क्रमांक उपलब्ध आवाजांशी जुळवून घ्यावेत. मूळ कीबोर्ड अजून हाताशी असेल, तर तालाचा भाग त्यावरूनच रेकॉर्ड करणे सर्वांत सोपे.

जुन्या कीबोर्डवरून फायली उतरवणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. सगळ्याच फायली प्रमाणित मिडी नसतात, काही त्या कंपनीच्या स्वतःच्या स्वरूपातल्या असतात. लिनक्सची फाइल ही आज्ञा नावावर न जाता आतला मजकूर तपासते. खरी मिडी असेल, तर ती स्टँडर्ड मिडी डेटा असे सांगते आणि स्वरूप ० की १ तेही कळवते. तसे उत्तर आले नाही, तर कीबोर्ड चालू आहे तोवरच त्याच्या मेनूमधून फाइल प्रमाणित मिडी म्हणून पुन्हा सेव्ह करून घ्यावी.

एकूण क्रम असा ठेवावा: फाइल खरी मिडी आहे का ते पाहणे, फ्लुइडसिंथ आणि एक साउंडफॉन्ट बसवणे, वेव्ह करून ऐकणे, मग पोर्टांची यादी आणि सर्वांत शेवटी प्लेअर. टर्मिनलमध्ये उमटणारी प्रत्येक ओळ वाचावी, कारण प्लेअरच्या खिडकीत ती दिसत नाही. आणि गाणे मनासारखे वाजले की मूळ मिडी फाइल, तिची वेव्ह आणि वापरलेल्या साउंडफॉन्टचे नाव या तिन्ही गोष्टी एकाच फोल्डरमध्ये ठेवून द्याव्यात. साउंडफॉन्ट बदलली की तेच गाणे वेगळे ऐकू येते, आणि पुढच्या गॅदरिंगला मुलांना गेल्या वर्षीचाच ट्रॅक हवा असतो.