धनुर्धाऱ्याचा बिल्ला आणि माझी फजिती

नोकरीनिमित्त एडिनबर्गला होतो तेव्हा जुन्या वस्तूंच्या बाजारात चांदीचा एक बिल्ला घेतला. मधे धनुष्य ताणून उभा असलेला तिरंदाज, भोवती थिसलची, म्हणजे स्कॉटलंडच्या काटेरी फुलाची वेल. ‘राजाच्या अंगरक्षकाचा, १८२२ चा,’ विक्रेता म्हणाला. मी हुपरीच्या चांदी कारागिराचा मुलगा. लहानपणापासून घरात टंच, लगडी हेच शब्द ऐकलेले. तरी फसलो. त्या फसण्यातून शिकलेलं हे चार-पाच शब्दांत.

१. आधी पालथं करून बघा.
मी पुढच्या तिरंदाजावर भाळलो. जन्मदाखला मागे होता. एडिनबर्गच्या जुन्या चांदीवर तीन बुरुजांचा किल्ला, कारागिराची आद्याक्षरं आणि वर्षाचं अक्षर उमटवलेलं असतं. १७५९ पासून शुद्धतेची खूण म्हणून थिसलही आहे. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून गादीवरच्या राजाचं मुंडकं उमटवत. घरी आल्यावर भिंग लावलं, तर मुंडकं बाईचं! १८२२ साली गादीवर चौथा जॉर्ज होता. व्हिक्टोरिया आली १८३७ मध्ये. विक्रेत्याच्या गोष्टीला तिथेच सुरुंग लागला.

२. गोष्ट खरी असली म्हणून वस्तू त्या गोष्टीतली नसते.
‘रॉयल कंपनी ऑफ आर्चर्स’ ही संस्था खरी आहे. ती १६७६ साली स्थापन झाली. १७०४ मध्ये ॲन राणीने तिला सनद दिली आणि मोबदला ठरवला तो राजाने मागितल्यावर द्यायच्या दोन बाणांचा. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला आणि हे तिरंदाज त्याचे मानाचे अंगरक्षक झाले. २०२२ मध्ये एडिनबर्गच्या सेंट जाइल्स कॅथेड्रलमध्ये एलिझाबेथ राणीच्या शवपेटीभोवती हिरव्या गणवेशात, टोपीला गरुडाचं पीस लावून उभे होते तेही हेच. पण स्कॉटलंडमध्ये धनुष्य काही यांनीच धरलं नाही. किलविनिंगला मठाच्या मनोऱ्यावर लाकडी पोपट लावून नेमबाजी चालायची. बिल्ल्यावर तिरंदाज दिसला म्हणून तो राजाचाच, हे मानणं माझी हौस होती.

३. घासू नका.
ही चूक पूर्णपणे माझी. बिल्ला काळवंडलेला दिसला, म्हणून टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन बसलो. दहा मिनिटांत लख्ख झाला आणि तिरंदाज सपाट दिसायला लागला. बोटं, धनुष्याची दोरी, थिसलचे काटे यांना उठाव होता तो खाचांत साठलेल्या काळेपणाचा. फोनवर बाबांना कौतुकाने सांगितलं, तर म्हणाले, ‘‘आरं, डागिना उजळायचा असतोय. ह्यो काय डागिना हाय व्हय?’’ आता मऊ सुती फडक्याने फक्त धूळ पुसतो.

४. वजनावर भाव करू नका, पण वजन कराच.
चांदीच्या दराने माझ्या बिल्ल्याचे पैसे कधीच वसूल होणार नाहीत. जास्तीचे पैसे मी ‘कोणाचा’ या एका शब्दासाठी मोजले होते आणि त्या शब्दाला कागद नव्हता. मसलबर्गचा चांदीचा बाण बघा. तिथली तिरंदाजीची स्पर्धा जिंकणारा त्याला आपलं पदक जोडतो; १६०३ पासूनची पदकं त्यावर आहेत. तिथे मालकी आणि इतिहास वस्तूलाच लटकलेले आहेत. माझ्या बिल्ल्याच्या पाठीवर नाव नाही. पैसे देण्याआधी ‘हा आला कुठून?’ एवढं विचारलं असतं, तर विक्रेत्याची चुळबुळ तिथेच दिसली असती.

५. फसलात तरी फेकू नका.
बिल्ला अजून माझ्याकडे आहे. डबीत एक चिठ्ठी ठेवली आहे: ‘चांदी, एडिनबर्गचा छाप, व्हिक्टोरियाचा काळ. कुठे, कधी, कितीला घेतला. टूथपेस्टने घासला, चूक माझी.’ माझ्या मुलीला निदान खोटी गोष्ट तरी वारशात मिळणार नाही.

तुमच्याही कपाटात आजोबांचा पट्टेवाल्याचा पितळी बिल्ला नाहीतर पणजीची पुतळी असेल. आजच एक चिठ्ठी लिहा: कोणाची, कुठली, घरात कशी आली. सांगणारं माणूस घरात आहे तोवर लिहा.